वरची पुडी, खालची पुडी

मला लेख लिहिता येत नाही, हे आधीच सांगतो. आजवर जे काही लिहिलं ते प्रयोगवहीत. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, एवढंच. देशमाने सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आमच्या ज्वारीच्या प्रयोगावर दोन पानं मागितली, तेव्हा मी हो म्हणून बसलो. पण लिहायला घेतलं की प्रयोगाच्या पेटीच्या आधी महेबूब चाचा समोर येतात. त्यांचं नाव आमच्या अहवालावर नाही, कारण परिचराचं नाव लिहायला तिथं जागाच नव्हती. गेटवरच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटोही नव्हता. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं कॉलेजात आहेत आणि हे खरं तर त्यांनी लिहायला हवं होतं. मी त्यांना जेमतेम अडीच वर्षं पाहिलं. जेवढं पाहिलं तेवढं लिहितो. त्यात काही चुकलं तर मोठ्यांनी पोटात घालावं.

भूमच्या आमच्या कॉलेजात चाचा प्रयोगशाळा परिचर होते. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, शिक्षण दहावी. तेरखेड्याहून रोज सकाळच्या एसटीनं यायचे आणि शिपाई गेट उघडायच्या आत फाटकाशी उभे असायचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, म्हणजे अ‍ॅसिडची बाटली ओतताना काचेवर थेंब पडत नाही. परीक्षानळ्या तीनदा धुवायचे आणि तिसऱ्यांदा धुतलेली नळी खिडकीच्या उजेडात धरून तिच्यातून बाहेरचं लिंबाचं झाड बघायचे. झाड स्वच्छ दिसलं की नळी स्टँडवर जायची.

आम्हाला ते नावानं हाक मारत नसत. टेबलाच्या नंबरानं मारत. मी चौथ्या टेबलावर होतो, म्हणून अडीच वर्षं मी 'चार नंबर' होतो. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "पोरं दर साली बदलत्यात. टेबल तेच ऱ्हातंय. किती नावं ध्यानात ठिवू?" पण एखादा जुना विद्यार्थी मुलाच्या प्रवेशासाठी आला की, "काय रे सात नंबर, लई जाड झालास," असं ते बिनचूक म्हणायचे.

पहिल्या वर्षी टायट्रेशनच्या तासाला माझी तिन्ही रीडिंगं बरोबर दहा आली. खरं म्हणजे आली नव्हती, मी लिहिली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. चुकलं तर कुणाला विचारायचं हे माहीत नव्हतं, म्हणून मागच्या वर्षीच्या मुलाची वही शेजारी ठेवली होती. चाचा ब्युरेट, ती मापाची उभी काचनळी, घ्यायला आले आणि वहीत डोकावले.

"तिन्ही बारीला दहा?"

"हो चाचा."

"ब्युरेट तुझ्या मामाच्या घरची हाय व्हय? एवढा मान राखतीया तुझा."

सगळं टेबल हसलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी ब्युरेट धुतली, पुन्हा भरून माझ्यापुढं लावली आणि म्हणाले, "दिसलं का? मग लिव. वाटलं का? मग थांब." हे वाक्य त्या खोलीत सगळ्यांना पाठ होतं. कुणी उशिरा आलं आणि 'एसटी चुकली असं वाटलं' म्हणालं, तरी मागच्या बाकावरून कुणी तरी 'वाटलं का? मग थांब!' म्हणून ओरडायचं.

त्यांची ही सवय तेरखेड्यातून आलेली होती. त्यांचे वडील तिथं फटाक्यांच्या शेडमध्ये दारू भरायचं काम करत आणि लहानपणी चाचाही तिथं कागदाच्या नळ्या वळत. "आमच्या शेडात," ते सांगायचे, "अंदाजानं काम करणारा माणूस दुसऱ्यांदा अंदाज करत नसतोय." हे सांगताना त्यांचा आवाज बदलत नसे, त्यामुळे ही गंमत आहे की नाही ते आम्हाला कळायचं नाही. प्रयोगशाळेत ते कायम दाराकडं तोंड करून बसायचे. तेही तिथलंच असावं, असं मला वाटतं. म्हणजे वाटतं, पाहिलेलं नाही.

त्यांची एक तक्रार होती. फार बोलायचे नाहीत, पण वर्षाच्या शेवटी काचसामान कपाटात लावताना एकदा तरी म्हणायचे, "तीसएक साल झालं. ह्या खोलीत एक परयोग असा झाला न्हाई का ज्याचं उत्तर आधी म्हाईत न्हाई. तुमाला म्हाईत, सरांना म्हाईत, वहीत लिवलेलं. मी नुसतं भांडी धुतली." मग कुलूप लावायचे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना देशमाने सर एक कागद घेऊन वर्गात आले. रॉकेट उपग्रह सोडून मोकळं झालं की त्याचा शेवटचा टप्पा काही दिवस पृथ्वीभोवती फिरत राहतो. त्यावर विद्यार्थ्यांनी हातानं बनवलेल्या लहान पेट्या बसवायची एक योजना निघाली होती. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांच्या पेट्या आधीही गेल्या होत्या. या खेपेला काही जागा गावाकडच्या कॉलेजांसाठी ठेवल्या होत्या. आम्ही चौघांनी नाव दिलं. सानिका कॉम्प्युटर आणि कॅमेरा बघणार होती, दोघं पेटी बनवणार होते आणि माझ्याकडं बियाणं आलं, कारण शेती माझ्या घरी होती.

आमचा प्रश्न साधा होता. ज्वारीचं मूळ खाली जातं. जिथं खाली नाहीच, तिथं ते कुठं जाईल?

अडचण पाण्याची होती. वजन नसलं की पाणी वाहत नाही, गोळा होऊन तरंगतं. मग बियांपर्यंत ते न्यायचं कसं? आम्ही बारीक नळ्या आणि पंप असं काय काय काढत होतो. चाचा शेजारी बाटल्या पुसत होते. ते मध्येच म्हणाले, "कंदिलाची वात लावा."

सानिका म्हणाली, "चाचा, आग लावायची नाहीये."

"आग कशाला? वात रॉकेल खालून वर नेती. कुणी पंप लावला होता तिला?"

सर खडू घेऊन उठले. मग त्यांनीच फळ्यावर वात काढली. दुसऱ्या दिवशी चाचांनी आठवडी बाजारातून कंदिलाच्या रुंद विणीच्या चार वाती आणल्या आणि नेहमीप्रमाणे तीनदा धुतल्या.

शेवटी जेवणाच्या डब्याएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पेट्या तयार झाल्या. दोन्ही सारख्या. प्रत्येकीत आठ कप्पे, प्रत्येक कप्प्यात वातीला धरून एक बी, एक पाण्याची पिशवी, एक दिवा, एक कॅमेरा. एक पेटी वर जाणार होती. ती परत येणार नव्हती, तिचे फक्त फोटो आणि तापमानाचे आकडे येणार होते. दुसरी आमच्या प्रयोगशाळेत राहणार होती, म्हणजे काय बदललं ते कळावं. ही खालची पेटी सरांनी चाचांच्या ताब्यात दिली. चाचांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि विचारलं, "हिचं उत्तर कुणाला म्हाईत हाय?"

"कुणालाच नाही," सर म्हणाले.

"पुस्तकात?"

"आपल्या ज्वारीचं तरी नाही."

चाचांनी मान हलवली. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. पण त्या दिवशी कुलूप लावल्यावर ते पुन्हा उघडून एकदा आत जाऊन आले, ते मी पाहिलं. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने राहिले होते.

बी मी घरून आणलं. आमचं गाव भूमपासून दहा किलोमीटरवर. आईच्या हातचं बी आमच्या भावकीत नावाजलेलं आहे. मी आईला म्हणालो, दोन पुड्या कर. एक वर जाणार आहे, पेरायला. दुसरी इथंच कॉलेजात ठेवायची आहे. मुद्दाम सोपं करून सांगितलं. चार दिवसांनी तिनं दोन पुड्या दिल्या. मी एकीवर 'वर' लिहिलं, दुसरीवर 'खाली'. वरची देताना तिनं दोनदा विचारलं, "कवा पेरणार? लई दिस ठिवू नगा म्हणावं." मला वाटलं, आईची काळजी. मी लक्ष दिलं नाही.

वरची पेटी भरायच्या दिवशी चाचा नव्हते. साडूच्या मुलीचं लग्न होतं सास्तूरला. पेटी दुसऱ्या दिवशी बंगळूरला निघायची होती, त्यामुळे थांबता येत नव्हतं. वरच्या पुडीतलं बी आम्हीच मोजून भरलं आणि झाकण बंद केलं. खालची पेटी चाचांनी परत आल्यावर खालच्या पुडीतून भरली. उरलेलं बी आम्ही टाकून देणार होतो, पण त्यांनी दोन काचेच्या बाटल्यांत घालून बुचावर चिठ्ठ्या लावल्या. ते काहीच टाकत नसत.

पेटी उडाली. आम्ही ते सरांच्या लॅपटॉपवर पाहिलं. चाचा मागं उभे होते. रॉकेट दिसेनासं झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चाचा खालच्या पेटीकडं गेले.

त्यांनी एक रीत ठरवली होती. वरून तापमानाचे आकडे एक दिवस उशिरा मिळायचे. मग वरच्या पेटीचा आजचा दिवस ते खालच्या पेटीला उद्या द्यायचे. आकडा चढला की लाकडी खोक्यात बल्ब लावायचे. उतरला की रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून बादलीत ठेवायचे. रात्रीही तिथंच मुक्काम ठेवून दर तासाचं तापमान जुन्या प्रयोगवह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायचे आणि पुढं 'म.' असं लिहायचे, म्हणजे महेबूबनं पाहिलं. नमाजाला गेले तर तेवढा वेळ मला बसवायचे आणि तिथं माझ्याकडून 'चार' लिहून घ्यायचे.

वरचे फोटो आले. पाणी सोडल्यापासून दुसऱ्या दिवशी वर पाच बियांना कोंब होते. खालच्या पेटीत पहिला कोंब चौथ्या दिवशी आला.

मग गडबड उडाली. पेपरवाले आले. 'भूमच्या ज्वारीला अवकाशात दुप्पट वेगानं कोंब' अशी बातमी छापून आली. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर प्राचार्य, सर आणि आम्ही चौघं. योजनेची दुसरी फेरी होती आणि पहिल्या फेरीच्या अहवालावरून तिची निवड व्हायची होती. सगळे म्हणत होते, आता भूमचं नाव पक्कं. माझ्या आत्याचा फोन आला. आमच्या गावच्या सरपंचांनी शाल दिली.

त्या गर्दीत चाचांनी मला कपाटाशी बोलावलं.

"दोन दिस आधी. का?"

"वजन नाही तिथं, चाचा. बीला जोर लागत नसेल."

"ते तू पाह्यलंस?"

"नाही."

"मग थांब."

चार-पाच दिवसांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. टेबलावर एक काचेची बशी होती, तिच्यात ओला टिपकागद. टिपकागदाच्या मधोमध पेन्सिलीची रेघ. रेघेच्या एका बाजूला दहा दाणे, दुसऱ्या बाजूला दहा. डाव्या बाजूला सात-आठ कोंब फुटले होते. उजवीकडं एकही नव्हता.

"डावीकडं वरच्या पुडीतलं उरलेलं बी," चाचा म्हणाले. "उजवीकडं खालच्या. बशी एक, पाणी एक, टेबल एक. दोन्ही भूमातच हायत, कुणी वर गेलं न्हाई. तरी डावं आधी आलं. आता बोल, चार नंबर."

मी म्हणालो, "बी एकाच कणगीतलं आहे."

"कणगी एक. हात?"

त्या दिवशी मी घरी गेलो. आई शेळीला पाला टाकत होती. मी विचारलं, पुड्या करताना तू काय केलंस? तिनं सरळ सांगितलं. वरची पुडी पेरायची होती, म्हणून पेरायच्या बीला करतात तसं सगळं केलं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गोमूत्राच्या पाण्यात भिजवलं, दुसऱ्या दिवशी सावलीत जुन्या लुगड्याच्या धडप्यावर वाळवलं, राख चोळली आणि तुम्ही स्वच्छ बी मागितलं होतं म्हणून राख पुन्हा पदरानं पुसून काढली.

"आणि दुसरी?"

"ती तर नुसती ठिवायची व्हती न्हवं? पेरायचं न्हाय ते कशाला भिजवायचं? भिजिवल्यालं बी घरात ठिवत न्हाईत, वाया जातंय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "का रं? उगवलं न्हाय का वर?"

"उगवलं," मी म्हणालो.

"मग?"

मी तिच्या हातातला पाला घेतला आणि शेळीला टाकला.

मी हे आधी सानिकाला आणि मग सरांना सांगितलं. सरांनी अहवालाचा नमुना काढून पाहिला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी या योजनेसाठी दोन वर्षं अर्ज केले होते. ते म्हणाले, "मुद्दाम तर कुणी केलेलं नाही. अहवालात बियाण्याचं एवढं तपशीलवार विचारलेलंही नाही. लिहिलंच पाहिजे का, याचा विचार करू." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुसऱ्या फेरीचं होतंच, पण जास्त म्हणजे मला आईचं नाव त्यात यायला नको होतं. शहरातल्या मोठ्या माणसांनी तो अहवाल वाचायचा आणि त्यात लिहिलेलं असायचं की याच्या अडाणी आईनं प्रयोग बिघडवला.

चाचांना मी हे सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले.

"आईनं काय बिघडवलं? तिला सांगितलं पेरायचं हाय, तिनं पेरायचं बी दिलं. चूक तुझी. एका मुठीतनं दोन पुड्या का न्हाई भरल्या? मूठ एक पायजे. मग वर ने न्हाई तर खाली ठेव." मग म्हणाले, "न्हाई तर माझी. मी लग्नाला गेलो."

ते सरांशी वाद घालायला गेले नाहीत. फक्त जाऊन म्हणाले, "सर, खालची पेटी पुन्ना लावायची. ह्या बारीला भिजवलेल्या बीची. चार नंबरच्या आईला बोलवा."

सर म्हणाले, "मग आजच लावून टाकू."

"वरचं बी भिजवून वाळवल्यावर बावीस दिस कोरडं थांबलं हुतं. हे बी थांबंल."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. बावीस दिवस थांबायचं, मग पाच दिवस पेटी चालवायची. चाचांच्या निवृत्तीला तेव्हा तीस दिवस होते. त्यांनी ते आधीच मोजलेलं होतं. अहवालाला मुदत होती. सरांनी होय म्हटलं, पण तोंडानं नाही, हातानं.

आई एसटीनं आली. प्रयोगशाळेच्या दाराशी तिनं चपला काढल्या. चाचा म्हणाले, "ताई, इथं चपला घालूनच या, खाली काच असती." ती तरी अनवाणीच आली. तिनं पिशवीतून बी, राख आणि एक बाटली काढली.

चाचांनी बाटली नाकाशी नेली. "गोमूत्र?"

"आमच्याच गायीचं हाय. दुसरीचं चालणार न्हाय, भाऊ. मागल्या बारीला हेच व्हतं."

"बरोबर. तेच पायजे." चाचांनी मोजनळा पुढं केला. "किती घालता?"

"मापून कोण घालतंय? भांड्यात बी टाकायचं, वर दोन पेरं पाणी यीस्तवर घालायचं."

"कुठली दोन पेरं?"

आईनं मधलं बोट दाखवलं. चाचांनी पट्टी आणून तिच्या बोटाची दोन पेरं मोजली. आई संकोचून हसायला लागली. "अवं, बोटं काय मोजताय? लोक काय म्हणतील?"

"ताई, उंद्या दुसऱ्यानं हेच करायचं म्हणलं तर तुमचं बोट कुठनं आणंल तो?"

सानिका मोठ्यानं हसली. मग आईही हसली. चाचांनी पाठकोऱ्या पानावर लिहिलं: 'चार नंबरची आई. मधलं बोट, दोन पेरं.' पुढं सेंटिमीटर आणि शेवटी 'म.'

बावीस दिवस ते बी बाटलीत राहिलं. फ्लेक्स गेटवर तसाच होता आणि आम्ही त्याच्याखालून येत-जात होतो. तेविसाव्या दिवशी चाचांनी पेटी भरली, जुना तापमानाचा कागद समोर ठेवला आणि पहिल्या फेरीतला प्रत्येक आकडा तासागणिक पुन्हा दिला. बल्ब, बर्फ, बल्ब.

दुसऱ्या दिवशी कोंब आले. सहा.

म्हणजे वर आणि खाली काहीच फरक नव्हता. जो काही होता, तो आईच्या दोन पेरांचा होता. सानिका खाली बसली. मी चाचांकडं पाहिलं. एकतीस वर्षांनी आलेला त्यांचा एकच प्रयोग, आणि त्यातून निघालं हे. पण ते आमच्याकडं बघतच नव्हते. त्यांनी वरच्या पेटीचे शेवटच्या दिवसाचे फोटो मागितले आणि चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहायला लागले. पाच दिवस पुरे झाल्यावर खालची पेटी उघडली. खाली सगळी मुळं सरळ खाली गेली होती. वरच्या फोटोंत तीन मुळं स्पष्ट दिसत होती. एक वातीला धरून पाण्याच्या पिशवीकडं गेलं होतं. दुसरंही वातीलाच बिलगून होतं, पण उलट्या बाजूला वळलेलं. तिसरं झाकणाकडं, आपण खाली उभे राहिलो तर ज्याला वर म्हणू, तिकडं निघालं होतं.

चाचांनी लिहिलं: 'तीन मुळं दिसली. दोन वातीसंगं, एक झाकणाकडं. बाकीची दिसली न्हाईत. म.'

लिहून झाल्यावर त्यांनी पेन बंद केलं, खिशाला लावलं आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "हे मला म्हाईत नव्हतं."

एवढंच. मी त्यांना आनंदात फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे तो आनंद होता का, हे मी लिहू शकत नाही. त्यांनी त्या दिवशी पेटी धुतली नाही. तशीच ठेवली.

अहवाल मी लिहिला. कोंबांचा फरक उड्डाणामुळं नसून घरी केलेल्या बीजप्रक्रियेमुळं होता, हे पहिल्याच पानावर घातलं. आईच्या बोटाचं मापही घातलं. सरांनी ते वाचलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी गेटवरचा फ्लेक्स उतरवलेला होता. कुणी उतरवला ते मला माहीत नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चाचांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "काचसामान मोजून दिलंय. एक बीकर कमी हाय, ते मी फोडलं." आणि बसले. लोकांना वाटलं, पुढं काही तरी आहे. टाळ्या वाजवायला उशीर झाला.

दुसऱ्या फेरीचा निकाल पुढं चार महिन्यांनी आला. आमची निवड झाली नव्हती. कारण दिलेलं नव्हतं. कॉलेजात कुणी मला काही बोललं नाही, पण मी काही दिवस मधल्या सुट्टीत लायब्ररीत बसायचो. चाचांना कळवायला हवं होतं. ते फोन उचलत नाहीत आणि तेरखेड्याला जायचं मी पुढं ढकलत राहिलो.

मग गेल्या महिन्यात योजनेचा नवा अर्ज निघाला. या वेळी नववीपासून पुढच्या शाळांनाही घेणार आहेत, तालुक्यातल्या आणि गावातल्याही. सानिकानं मला तो मोबाईलवर दाखवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची प्रत काढली आणि दुपारची एसटी धरली.

चाचा घरापुढच्या ओट्यावर बसले होते, दाराकडं नाही, रस्त्याकडं तोंड करून. घड्याळ अजून मनगटाच्या आतच. "ये, चार नंबर," म्हणाले. आतून चहा आला. मी आधी निकाल सांगितला.

"न्हाई घेतलं व्हय?"

"नाही, चाचा."

"कारण लिवलंय?"

"नाही."

"मग आपल्या लिवण्यानं न्हाई घेतलं असं धरू नको. पाह्यलं न्हाई आपण."

मग मी कागद दिला. त्यांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मला ती ओळ दाखवायची घाई होती, पण ते मधलं काही सोडत नाहीत. तिसऱ्या पानावर थांबले. तिथं छापलं होतं: 'बियाण्यावर घरी किंवा शेतात आधी काही प्रक्रिया केली आहे का? होय / नाही.' मागच्या अर्जात हा प्रश्न नव्हता. त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे आपल्यामुळं?"

"तसं कुठं लिहिलेलं नाही."

"मग तसं म्हणू नको," ते म्हणाले. कागद मात्र खाली ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्यात एक चूक हाय. होय म्हणलं, तर काय केलं ते कुठं लिवायचं? किती येळ भिजवलं, कशात भिजवलं? जागाच न्हाई ठिवली."

"मागचं पान कोरं आहे, चाचा."

त्यांनी पान उलटलं. खरंच कोरं होतं. "ही झेरॉक्स इथंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "इथल्या शाळंत नववीची पोरं हायत. मास्तरला देतो. मूठ एक पायजे, ते पण सांगतो."

परतीची एसटी आली, मी चढलो. गाडी वळताना खिडकीतून पाहिलं. चाचा ओट्यावर तसेच बसले होते. कागद उलटा मांडीवर होता आणि त्या कोऱ्या पानावर ते मधलं बोट ठेवून मोजत होते, एक पेर, दोन पेरं.